सादळू नये म्हणून

आमच्या शेजारच्या सुर्वेकाकांकडे गेलात आणि टेबलावर बरणी उघडी दिसली, तर तोंड मिटून बसायचं. नमस्कारसुद्धा हातानेच. पहिल्यांदा मी अजाणतेपणी "काय काका, काय चाललंय?" म्हटलं, तर त्यांनी आधी झाकण घट्ट फिरवलं आणि मग म्हणाले, "बोलण्यात वाफ असते, वैशाली. बोलायचं तर बाहेर." मी पुण्याची. मला गप्प बस म्हणणारा माणूस लग्नानंतरही भेटला नव्हता, तो इथे सिंगापुरात, सेम्बावांगच्या एका इमारतीच्या नवव्या मजल्यावर भेटला.

बरणीत असतो गवती चहा. हसू नका, मीही हसले होते.

काका जहाजावर चीफ इंजिनिअर होते, निवृत्त झाल्यावर इथेच राहिले. दारापुढच्या कुंड्यांमध्ये त्यांनी गवती चहाची बेटं लावली आहेत. इथल्या बाजारात त्याचे नुसते बुंधे विकतात, पानं कापून फेकून देतात, आणि आपल्याला हवं असतं ते नेमकं पान. पलीकडे एक मलाय आजी राहतात, त्यांना सगळे मकचिक म्हणतात. त्या स्वयंपाकाला बुंधे नेतात, काका पानं ठेवतात. चांगलं तेवढं समोरचा टाकून देतो, अशी दोघांचीही खात्री आहे आणि दोघंही एकमेकांची कीव करतात.

पानं बेडरूममध्ये दोरीवर वाळतात. हवा कोरडी करणारं मशीन त्या खोलीत, आणि काका हॉलमध्ये पंख्याखाली घामाने निथळत झोपतात. वाळलेली पानं मग बरणीत मुरायला जातात. झाकणाच्या आत चिकटवलेला एक चिमुकला मीटर हवेतला ओलावा दाखवतो. "काटा साठीला हवा," काका सांगतात. "वर गेला की बुरशी, फार खाली आला की वास उडाला." मी म्हटलं, साठीनंतर माणसांचंही तेच होतं. ते हसले नाहीत. काटा चढला की भाजलेल्या तांदळाची पुरचुंडी आत टाकायची, उतरला की एक हिरवं पान. रोज थोडा वेळ झाकण उघडून बरणीला श्वास घेऊ द्यायचा. एकदा एका बरणीला बुरशी आली, तर आठवडाभर चेहरा असा, की मकचिकने मला विचारलं, कोणी गेलं का?

सादळणं हा त्यांचा शब्द. बिस्किट सादळतं, वर्तमानपत्र सादळतं, आणि माणसंही. इथल्या मराठी मंडळाचा नवा सेक्रेटरी "माणूस बरा आहे, पण सादळलेला." आणि ऑफिसातून दमून आले की मला लिफ्टमध्येच, "आज सादळलीस गं. जेवून झोप लवकर."

इथे बारा महिने कुंडीत ताजा चहा असताना हा उपद्व्याप कशाला, असं मी एकदा विचारलंच.

"ताजा जहाजावर टिकत नाही," ते म्हणाले आणि उठून आत गेले.

जहाजावर म्हणजे निनादसाठी. त्यांचा मुलगा, तोही इंजिनिअर. काकू इथल्या हॉस्पिटलमध्ये शेवटच्या आजारात होत्या, तेव्हा निनाद भर समुद्रात होता. काकांनी सगळ्या नातेवाइकांना बजावलं, कोणी कळवायचं नाही. त्याचा फोन आला की "आई झोपलीय" सांगायचे. चालत्या जहाजावर वाईट बातमी पाठवायची नाही, हा त्या लोकांचा जुना नियम. माणूस इंजिनापाशी उभा असतो, लक्ष उडालं की हात जातो. निनाद बंदराला लागला तेव्हा सगळं उरकलं होतं. तो वडिलांशी बोलेनासा झाला.

त्याचं जहाज मधूनमधून सिंगापूरला नांगर टाकतं. मी तांजोंग पगारला एका शिपिंग एजन्सीत आहे, नांगरलेल्या जहाजांवर आमची सामानाची बोट जाते, खलाशांची विमानाची तिकिटंही आम्हीच काढतो. बरणी न्यायचं काम आपसूक माझ्या गळ्यात पडलं. भरलेली जायची, रिकामी परत यायची, सोबत एक शब्द नाही. काका ती हुंगून बघायचे. पोरगा पितो की समुद्रात ओततो, एवढंच त्यांना जाणून घ्यायचं असायचं, आणि ते काही रिकाम्या बरणीवरून कळत नाही.

मागच्या महिन्यात निनादचं कॉन्ट्रॅक्ट इथेच संपलं. संध्याकाळच्या विमानाने तो मुंबईला जायचा होता. ऑफिसात माझ्या टेबलावर त्याने रिकामी बरणी ठेवली. "वैशालीताई, एवढं त्यांना द्याल?"

खरं सांगते, माझं डोकं फिरलं. "मी काय तुमच्या घरची पोस्टमन आहे? विमानाला वेळ आहे. चल, तूच दे."

तो बरणी उचलून उठला.

काकांनी दार उघडलं. मुलाला बघून इतके घाबरले, की दारातच सुरू झाले, "या खेपेला पाऊस फार होता रे, काटा खाली येईना, तांदूळ दोनदा बदलले, तरी जरा..."

निनादने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "बाबा, आई माझ्याबद्दल विचारत होती?"

काका खुर्चीत बसले. "रोज."

"मग तुम्ही काय सांगायचात?"

"तू निघालायस म्हणायचो. विमानात आहेस." ते जमिनीकडे बघत होते. "तुलाही खोटं सांगितलं, तिलाही. शेवटच्या दिवशी म्हणाली, अजून नाही उतरलं का विमान? म्हटलं, उतरलं, खाली लिफ्टपाशी आलाय तो. तर म्हणाली, मग माझे केस नीट करा, असं बघून घाबरेल पोर. मला कुठे येते वेणी घालायला. घातली जमेल तशी."

निनाद त्यांच्या पायाशी खाली बसला आणि त्याने त्यांच्या गुडघ्यावर डोकं टेकलं.

मी बाहेर आले आणि ऑफिसला फोन लावला. म्हटलं, निनादचं आजचं तिकीट पुढे ढकला. किती दिवस, असं तिथल्या मुलीने विचारलं. मला रडू आवरेना, म्हणून नंतर सांगते म्हटलं.