तारमास्तर आणि टकटकणारा चंद्र

"मास्तर, तुमच्या बाकाखाली साप आहे," असं मी सांगितलं, तेव्हा तारमास्तर पाय वर न घेता म्हणाले, "परत सांगा." मी परत सांगितलं. त्यांनी शब्द बोटांवर मोजले, स्वतः म्हणून दाखवले आणि "बरोबर?" असं विचारलं. तोवर साप कंटाळून निघून गेला होता.

सारा जन्म शहरांतल्या तारऑफिसांत काढून हा गृहस्थ निवृत्तीनंतर जानेफळला आमच्या गिरणीशेजारी एकटाच राहायला आला. एकानं ऐकलेलं ऐकलंच नाही, दोघांचं जुळलं तरच निरोप खरा, हा त्यांचा धर्म. मात्र कुणाच्या तारेत काय होतं, हे त्यांच्याकडून ब्रह्मदेवालाही कळलं नसतं.

महाराष्ट्र नवानवा होता तेव्हाची गोष्ट. परदेशातल्या काही रेडिओवेड्यांनी एक छोटासा चंद्र बनवून आकाशात सोडला. तो नुसती टकटक करायचा. तापला की जलद, निवला की सावकाश. जगभरच्या हौशी लोकांनी मिनिटभराची टकटक मोजून पत्रानं कळवायची होती. मास्तरांनी घरीच यंत्र जोडलं, छपरावर काठी उभारली आणि मला फर्मान सोडलं, "चंद्र डोक्यावर असेल तेव्हा सात मिनिटं गिरणी बंद."

ज्वारीच्या टोपल्या घेऊन आलेल्या बाया मुकाट्यानं थांबत. नंतर विचारत, "आज ताप उतरला का हो त्याचा?"

मोजायला दुसरा कान हवा, म्हणून मास्तरांनी माझ्या मायला धरलं. तिनं जन्मभर पायलीनं धान्य मोजलेलं. दोघं यंत्राच्या हेडफोनचा एकेक कर्णा कानाला लावून बसत. पण आठ दिवस झाले तरी आकडा जुळेना. चंद्राची बॅटरी संपत आलेली आणि मास्तरांचं पत्र जागच्या जागी.

"तुमच्या मातोश्री पहिला ठोका सोडतात," मास्तर मला म्हणाले. "पुटपुटताना मी ऐकलंय, एक म्हणतच नाहीत. म्हणून पहिल्या दिवसापासून मी त्यांच्या आकड्यात एक मिळवतो, तरी जुळत नाही."

माय भडकली. "मले मोजणं शिकवून राह्यले का? मोजता मोजता माहे केस पिकले."

मला हसू आवरेना. "मास्तर, धान्य मोजताना आमच्याकडं पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. लाभ, दोन, तीन."

मास्तरांनी जादा मिळवलेला एक काढला. आठही दिवसांचे आकडे तंतोतंत जुळले. त्यांनी बाकावर बसल्या बसल्या पाय नाचवले आणि पत्रावर मायचं नाव आपल्या नावाच्या वर लिहिलं.

पत्र गेलं आणि चार दिवसांनी चंद्र मुका झाला.

दुसऱ्या दिवशी ठरल्या वेळी मास्तरांनी मायला तरीही बोलावलं. मी गिरणी बंद केली. सात मिनिटं दोघं कान लावून बसली.

"मातोश्री, आज काही येणार नाही हे मला ठाऊक होतं," मास्तर म्हणाले. "पण घरात बोलणारं कुणी नाही. हा रोज येऊन काहीतरी सांगायचा, तेवढं बरं वाटायचं."

मायनं कर्णा खाली ठेवला.

"मंग मले सांगा ना," ती म्हणाली. "अन् सातच मिनिटं काऊन? घरी चाला, जेवता जेवता सांगा."

त्या दिवशी मास्तर आमच्या ओसरीवर इतकं बोलले, की गिरणी दिवेलागणीपर्यंत बंदच राहिली.