भिगवणपुरता डबा

सुमित डाळजला घरी येऊन सव्वा महिना झाला होता आणि घरात रंगवण्यासारखं फारसं काही उरलं नव्हतं. गेट झालं, लोखंडी कॉट झाली, पाण्याची टाकी झाली, शेळ्यांची गव्हाणसुद्धा निळीशार झाली. शेळ्यांनी दोन दिवस तिच्यात तोंड घातलं नाही. राहिलं होतं ते फक्त पुढचं दार. पण त्याचे वडील ज्ञानदेवआबा त्या दाराला कोणाला हात लावू देत नव्हते. "दार ऱ्हाऊ दे. ते माझ्याकडं हाय," एवढंच म्हणायचे. त्या दारावर आधीच रंगाचे इतके थर होते की खांदा लावल्याशिवाय ते लागत नसे.

सुमित विमानाचा पायलट. गाव त्याला कॅप्टन म्हणायचं. खरं तर तो कॅप्टनच्या शेजारच्या खुर्चीत बसायचा, पण हा फरक गावाला समजावण्याच्या भानगडीत तो पडला नव्हता. "रजा शिल्लक होती, म्हणून आलो," असं त्यानं आल्या आल्या सांगून टाकलं होतं. खरी गोष्ट अशी की कंपनीचा आणि वैमानिकांच्या संघटनेचा नवा करार अडला होता, आणि तो होईपर्यंत कंपनीनं नव्वद जणांना बिनपगारी घरी बसवलं होतं. शेवटी लागलेला आधी बाहेर, या हिशेबानं सुमितचा नंबर बराच वर होता. कंपनीच्या पत्रात या प्रकाराला 'फर्लो' म्हटलं होतं. हा शब्द गावाला माहीत होता, पण तो तुरुंगातून सुटीवर येणाऱ्या कैद्यांमुळे. त्यामुळे त्याचा उच्चार करायचीही सोय नव्हती.

आणि आबांना सांगायचं तरी कसं? बत्तीस वर्षं साखर कारखान्यात बॉयलरसमोर उभं राहून त्यांनी पोराला शिकवलं होतं. त्यांच्या पाकिटात सुमितचा टोपीतला फोटो असायचा, आणि एसटीत शेजारी बसणाऱ्याला कंडक्टर तिकीट द्यायच्या आत तो बघावा लागायचा. नोकरीचं काय व्हायचं ते होवो, पण आबांनी तो फोटो पाकिटातून काढून ठेवलेला सुमितला बघायचा नव्हता.

त्या दिवशी सकाळी संघटनेची ऑनलाइन बैठक होती. कंपनीला एकी दिसावी म्हणून सगळ्यांनी गणवेशात बसायचं ठरलं होतं. मोबाईलला रेंज फक्त गच्चीवर. सुमितनं पांढरा शर्ट चढवला, टाय बांधला, खांद्यांवर सोनेरी पट्ट्या अडकवल्या, टोपी घातली. कमरेखालचं कॅमेऱ्यात दिसत नाही आणि मे महिन्याचं ऊन मी म्हणत होतं, म्हणून खाली आबांची पट्ट्यापट्ट्यांची अर्धी विजार तशीच ठेवली.

शेजारच्या गच्चीवर झुंबरकाकू कुरडया घालत होत्या. मध्ये कठडा असल्यामुळे त्यांनाही कमरेखालचं दिसलं नाही. वरचं दिसलं तेवढं पुरेसं होतं.

"आम्ही सगळे तयार आहोत," सुमित मोबाईलकडे बघून ठासून सांगत होता. "एकही जण मागं हटणार नाही."

झुंबरकाकूंनी हातातला सोऱ्या खाली ठेवला. सव्वा महिना विजारीत हिंडणारा पोरगा एकाएकी टोपी घालून तयार आहे म्हणतो, याचा अर्थ काय ते त्यांना कोणी सांगायला नको होतं. दोन-दोन पायऱ्या गाळत त्या खाली आल्या आणि शालनबाईंच्या दारात उभ्या राहिल्या.

"शालनबाई, अवो सुमितला बोलावणं आलं! ड्युटीवर निघालंय लेकरू!"

शालनबाईंनी, म्हणजे सुमितच्या आईनं, एकदा वर बघितलं, एकदा आबांकडे बघितलं आणि भाकरीचं पीठ परातीत घेतलं.

बैठक संपवून सुमित जिना उतरला तेव्हा अंगणात गाव जमलं होतं. झुंबरकाकू वाटीत दही घेऊन उभ्या. म्हातारे गेणबा आंब्यांची पिशवी घेऊन. माजी सरपंच रामहरीतात्यांची बोलेरो तोंड फिरवून तयार.

गेणबांनी कॅप्टनला टोपीपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि विजारीशी थांबले. "खालनं अशीच आस्ती व्हय रं?"

"नाही, ते... हवा लागावी म्हणून," सुमित म्हणाला.

"मी पुण्यालाच निघालोय," तात्यांनी जाहीर केलं. "पार इमानापाशी सोडतो. एक फोटू काढू, मग मी बाजारला मोकळा."

"तात्या, कशाला त्रास? मी एसटीनं जाईन सावकाश."

"कॅप्टन आन् एसटीनं? गावाची काय आब्रू ऱ्हाईल?"

"तसं नाही, तात्या. मुळात मला..." सुमितनं जिवाचा हिय्या केला. पण तेवढ्यात त्याला आबा दिसले. ते पाकिटातला फोटो तात्यांच्या ड्रायव्हरला दाखवत होते. त्या ड्रायव्हरनं तो आधी चारदा बघितलेला होता आणि तरीही माना डोलावत होता. झुंबरकाकूंनी हातावर दही ठेवलं ते त्यानं चाटलं आणि पँट घालायला आत गेला.

बाहेर आला तर आईनं डबा हातात दिला. दरवेळी आठ दिवसांचं गाठोडं बांधणाऱ्या आईचा डबा आज एवढासाच होता. पण ते बघण्याइतकं त्याचं डोकं ठिकाणावर नव्हतं.

गाडी सुरू झाली तसे आबा पुढे आले. "मी बी येतो."

बोलेरोत तात्या विमानाबद्दल विचारत होते आणि सुमित घामाघूम होत होता. कंपनीनं ओळखपत्रसुद्धा जमा करून घेतलं होतं. विमानतळाच्या फाटकावर पहिलाच शिपाई त्याला हटकणार, तेही तात्या आणि आबांच्या देखत. पुणं आणखी शंभर कोस लांब असतं तर किती बरं, असं त्याला वाटलं.

भिगवण आलं आणि आबांनी ड्रायव्हरच्या खांद्यावर हात ठेवला. "हितंच थांबीव."

"हितं कशापायी, ज्ञानदेवराव?" तात्यांनी विचारलं.

"त्यांच्या कंपनीची गाडी येती हितं. तिच्यातच बसावं लागतं, न्हायतर हजेरी लागत न्हाय."

तात्यांना हजेरीचं पटलं. फोटो पुढच्या वेळी काढायच्या बोलीवर गाडी निघून गेली. सुमित रस्त्याच्या कडेला आंब्यांची पिशवी धरून वडिलांकडे बघत राहिला. आबांना खोटं बोलताना त्यानं जन्मात बघितलं नव्हतं.

"कसली कंपनीची गाडी, आबा?"

"तुझ्या रजंवानीच हाय ती," आबा म्हणाले. "चल, च्या घिऊ."

हॉटेलच्या बाकावर बसून आबांनी डबा उघडला. चार भाकरी, ठेचा, दोन कांदे. बरोबर दोन माणसांचं जेवण, आणि आबा यायचं म्हणायच्या आधी बांधलेलं.

"बंद हंगाम लागलाय नव्हं?" आबांनी विचारलं.

सुमितनं मान खाली घातली. "कधी कळलं?"

"गेट रंगवलंस तवा. रजंवरचा माणूस कॅलेंडर बघतो. घरी बसवल्याला माणूस बुरूश हुडकतो. मी हंगामी कामगार, बाबा. ऊस संपला की कारखाना बंद आन् आमी घरी. दर उन्हाळ्याला. मग काय करायचो मी?"

सुमितला पुढच्या दारावरचे रंगाचे थर आठवले.

"साळंत तू पोरास्नी सांगायचास, आमच्या आबास्नी साहेबापरास मोठी रजा मिळती. मीच तुला तसं सांगितलं हुतं, तुझी मान खाली जाऊ ने म्हणून. आता तू मलाच रजा सांगायला लागलास."

सुमित म्हणाला, "मला वाटलं, तुम्हाला लाज वाटंल."

"लाज? बत्तीस येळा घरी बसलो आन् बत्तीस येळा भोंगा झाल्याव परत गेलो. भोंगा हुतोच, सुमित." आबांनी भाकरीचा तुकडा मोडून त्याच्या हातात दिला. सुमितनं तो खाल्ला, आणि सव्वा महिन्यात पहिल्यांदा त्याला खरी भूक लागली.

मोबाईल वाजला. कंपनीशी चाललेल्या वाटाघाटी पुढच्या तारखेवर गेल्याचा संघटनेचा निरोप सुमितनं वाचून दाखवला. आबांनी विचारलं, "वाटाघाटीत च्या दिला का जेवाण?"

"जेवण दिलं म्हणे."

आबा एकदम गंभीर झाले. "जेवाण दिलं म्हंजी महिनाभर लांबवणार. खाऊ नका म्हणावं त्यास्नी."

सुमितनं ग्रुपवर टाकलं, "कृपया कंपनीचं जेवण घेऊ नये." संघटनेच्या अध्यक्षांचं ताबडतोब उत्तर आलं, "उशीर झाला. गुलाबजाम उत्तम होते."

"आता गावाला काय सांगायचं?" सुमितनं विचारलं.

"हाय ते सांग. निम्मं गाव कारखान्यात हाय."

दुपारच्या एसटीनं दोघं परत उतरले. पारावर गेणबा होतेच. "काय रं, इमान चुकलं?"

"नाही, गेणबा." सुमितनं मोठा श्वास घेतला. "आमचा बंद हंगाम चालू आहे. करार होईपर्यंत घरी बसवलंय."

गेणबा विचारात पडले. "बंद हंगामाचा थोडाफार पगार तरी देत्यात का?"

"काहीच नाही."

"आरं तिच्या! मग आपला कारखाना बरा की रं!" गेणबा हळहळले आणि आंबे परत घ्यायला साफ नकार देऊन म्हणाले, "खा बाबा तू. तुला गरज हाय."

घरी शालनबाई पायरीवर बसल्या होत्या. पुढचं दार पॉलिशपेपरनं घासून तयार होतं आणि शेजारी निळ्या रंगाचा डबा उघडलेला होता. "आलात? दुपारच्या येष्टीनं याल असंच वाटलं हुतं," त्या म्हणाल्या.

आबांनी ब्रश उचलला, अंगठ्यानं त्याचे केस सारखे केले आणि सुमितच्या हातात दिला. "घे. आता दार तुझ्याकडं."

सुमितनं संध्याकाळपर्यंत मन लावून दार रंगवलं. दिवेलागणीला शेळ्या आत शिरू नयेत म्हणून ते लावायला गेला, तर नव्या थरामुळे दार जागचं हलेना. आबा उठले. बापलेकांनी मिळून खांदा लावला, तेव्हा कुठं ते कुरकुरत चौकटीत बसलं.

शालनबाईंनी दोघांकडे बघितलं आणि पदर तोंडाला लावला. रंग ओलाच होता. सुमितच्या बनियनवर आणि आबांच्या सदऱ्यावर, अगदी खांद्यापाशी, निळे पट्टे उमटले होते.

"घ्या," त्या म्हणाल्या, "आता घरात दोन कॅप्टन झालं."