उजव्या बाहीचं बटण

ब्रह्मपुरीत आमच्या गल्लीतल्या गफूरचाचाकडे शर्ट शिवायला टाकला, की सगळी बटणं एकसारखी मिळतील ही आशा सोडून द्यायची. समोरची पट्टी ठीक असते, डाव्या बाहीलाही दुकानातलं पांढरं बटण असतं. उजव्या बाहीला मात्र वैनगंगेतली शिंप! कापलेली, भोकं पाडलेली, पण बाहेरून जशी नदीत सापडली तशीच, न घासलेली.

"चाचा, हे एक तरी सारखं लावा ना," म्हटलं की म्हातारा चष्म्यावरून पाहतो.

"पलास्टिकचं काय बटन रायते? झाकन हाये थे, झाकन! झाकनं लाव कुठीबी. उजव्या बाहीले बटनच पायजे."

हा लाड सगळ्यांचा नाही बरं. परगावचं गिऱ्हाईक सहीसलामत सुटतं. चाचाच्या घरात ज्यांचं रोजचं जाणं-येणं, त्यांच्याच मनगटाला ही नदी चिकटते.

बिस्किटाच्या डब्यात त्याचा हा खजिना. जित्या शिंपेला तो हात लावत नाही, रेतीत पडलेल्या रिकाम्याच वेचतो. एक जात लांबट, काळपट हिरवी, बाहेरून गुळगुळीत, आतून चांदीसारखी. अंगानं इतकी पातळ, की गिरमिट जरा जोरानं फिरलं की गेली. "हे गुरुजीले. लवकर तडकते." दुसरी ठेंगणी, जाडजूड, डोक्यापाशी सुरकुत्या पडलेली. ती माझ्या वाट्याला आली, कारण काय, तर माझी कातडीही तशीच आहे म्हणे! तिसरी नखाएवढी, पिवळसर, तिकोनी, अंगभर बारीक उभार रेघा. तिला कापायचा प्रश्नच नाही, दूधवाल्या नामदेवच्या बाहीला ती अख्खीच लागते.

मी निमूट सोसलं. पण मेहुण्याच्या लग्नात सिंदेवाहीला नवरीच्या मामीचा शालू माझ्या बटणात अडकला आणि भर मांडवात आम्ही दोघं एकमेकांना सोडवत बसलो. बायको घरी येईपर्यंत बोलली नाही. घरी आल्यावर मात्र खूप बोलली. दुसऱ्याच आठवड्यात मी नागपूरहून अर्ध्या बाह्यांचा टी-शर्ट आणला. म्हटलं, घे बाबा, आता लाव कुठं लावतोस ते!

तोच घालून ऐटीत चाचाकडे गेलो. दुकानामागच्या खोलीत शमीमचाची, म्हणजे त्याची बायको, बाजेवर बसलेली असते. लहानपणी तिच्या हातच्या शेवया खाऊन आम्ही पोरं वाढलो. अजूनही आत गेलं की ती आलेल्याचा उजवा हात हातात घेते, आणि त्यानं तोंड उघडायच्या आत नाव घेऊन विचारते, "जेवला काय?" म्हातारीची नजर अजून पोरीसारखी तेज आहे, असं सगळी गल्ली म्हणते.

चाचानं माझं उघडं मनगट पाहिलं आणि त्याची मशीनच थांबली. मला वाटलं, आता शिव्या. पण तो मला धरून बाहेर लिंबाखाली घेऊन गेला.

"बाही कुठी हाये तुयी?"

"गरमी किती होऊन राह्यली चाचा!"

"अरे बेटा," त्याचा आवाज एकदम खाली गेला, "चाचीले दिसत नाई. मोतीबिंदू नाई, दुसरंच काई हाये. डाक्टरनं हात टेकले. थे बटन चाचपून मानूस वळखते. लोकाईनं आंधळी म्हटलं तं थे खोलीतून बाहेर निंगनार नाई. तिची लय शान हाये रे. कोनाले सांगजो नोको."

त्या टी-शर्टाची मला अशी लाज वाटली, की तिथंच काढून टाकावा.

"आता जा, पन आवाज देऊन जा," म्हणत तो चहासाठी दूध आणायला गेला.

आत गेलो खरा, पण आवाज द्यायचं राहूनच गेलं. चाचीनं सवयीनं हात पुढे केला. मी मनगट दिलं. तिचा अंगठा इकडून तिकडे फिरला, काही सापडलं नाही. आणि म्हातारी खुदकन हसली.

"काऊन रे सुधाकर, आज उघडाच आला?"

मी बाजेच्या कडेला टेकलो. "चाची, तुले कसं समजलं?"

"पाय घासत चालतेस तू, लहानपनापासून. दाराच्या अलीकडं खाकरतेस. तुले वळखाले बटन कायले पायजे? नामदेवची बालटी वाजते, गुरुजीचे गुडघे वाजते."

"मग बटणं?"

तिनं दाराकडे कान दिला. चाचा अजून आला नव्हता.

"थे म्हाताऱ्यासाठी हाये. रोज सकाळी उठून नदीवर जाते थो, कंबर दुखते तरी वाकून वाकून शिंपा वेचते. माह्यासाठी त्याले एवढंच करता येते ना, बेटा. म्हनून मी पयले बटन चाचपते, मंग नाव घेते. तू सांगजो नोको त्याले. पन बाहीचा शर्ट घालून येत जा. नाई तं त्याले वाटन, मी अंधारात रायली."

बाहेर चाचाची सायकल टेकल्याचा आवाज आला. चाची पदर सावरून बसली.

आता भर मे महिन्यात, ब्रह्मपुरीच्या त्या भट्टीत, मी पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून, मनगटापर्यंत बटण लावून फिरतो. बायको म्हणते, डोक्यावर परिणाम झाला. म्हणू दे.