हद्दीवरचा नारळ

"थांबय! गाडी थांबय, मेल्या वसंता! हद्द मागे ऱ्हवली!"

वसंताने ब्रेक दाबला. ब्रेकने सवयीप्रमाणे थोडा विचार केला आणि अर्ध्या फर्लांगावर जीप थांबली. गुणाजीकाका टुणकन उतरले, मागच्या गोणीतून एक नारळ काढला आणि रणरणत्या उन्हात उलटे चालत त्या दगडापाशी गेले, जिथे एक गाव संपून दुसरं सुरू होत होतं. आम्ही दोघं मुकाट त्यांच्या मागे. कारण गाऱ्हाणं एकट्याने घालता येत नाही. मागे 'व्हय म्हाराजा' म्हणायला माणसं लागतात.

"बा देवा म्हाराजा! ह्या जाग्याच्या राखणदारा! आमी तीन लेकरां मालवणासून तुझ्या हद्दीत इलंव. कोणाचो पाय वाकडो पडलो, कोणाची जीभ घसारली, तर पदरात घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

नारळ फुटला. रस्त्याने जाणारा एक उंटवाला उंटासकट थबकून बघत राहिला. हे आम्ही जोधपूरच्या अलीकडे करत होतो. मालवणापासून तिथवर किती गावांच्या हद्दी लागतात ते नकाशे काढणाऱ्यांनाही ठाऊक नसेल. आम्हांला ठाऊक आहे. आम्ही प्रत्येकीवर खोबरं खाल्लंय.

गुणाजीकाकांचं बंदरावर नारळ-सुंभाचं दुकान. वय अठ्ठावन्न, अंगाने सुकवलेल्या बांगड्यासारखे, आवाज मात्र तांडेलाचा. त्यांनी बंदरावर हाक मारली की वेंगुर्ल्याच्या धक्क्यावरचे खलाशी 'काय रे?' म्हणून वळून बघत, असं मी आजवर सांगत आलोय. ते खोटं आहे म्हणायला वेंगुर्ल्याचा एकही खलाशी अजून माझ्याकडे आलेला नाही.

जिथे पाय ठेवायचा तिथल्या राखणदाराला विचारल्याशिवाय ठेवायचा नाही, हा त्यांचा जन्माचा नेम. "आपण पावणे रे! पावण्यान न इचारता आत जावचा नसता." न्हाव्याच्या खुर्चीत बसायच्या आधी ते खुर्चीला हात जोडत. दवाखान्यात सुईला हात जोडत. एकदा एका सरकारी कचेरीच्या उंबऱ्यावर त्यांनी नारळ फोडला, त्या पाण्यावरून तिथले साहेब जे घसरले ते थेट बदलीच्या गावी जाऊन थांबले. काकांना त्याचं काहीच वाटलं नाही. "राखणदाराक तो मानवलो नाय," एवढंच म्हणाले.

आता असा माणूस आम्ही वाळवंटात कशाला नेला? तर नेला नाही, तो आला. साठ-एकसष्ट सालची गोष्ट. वसंताने लष्करी लिलावातून एक जीप आणली होती आणि त्याच्या डोक्यात एकच भुंगा, "जन्मभर डोळ्यांसमोर पाणीच पाणी बघितलंय. पाणीच नाय असो मुलूख एकदा बघूचो." मी हायस्कुलात हिंदी शिकवायचो. राजस्थानात कुणा जुन्या संस्थानिकाचं शिकारीचं रान आता हरणांसाठी राखून ठेवलंय, तिथे टेकड्यांमधून तीन दिवस पायी हिंडता येतं, असं मी कुठेतरी वाचलं होतं. दिवाळीच्या सुटीत जायचं ठरलं, आणि निघायच्या दिवशी जीपमध्ये गुणाजीकाका गोणीसकट बसलेले.

"काका, थंय वाळू आसा. दिवसभर वाळवेतून चलाचा आसा," वसंता म्हणाला.

"वाळवेत चलाक माका तू शिकवतलस?" काका म्हणाले. विषय संपला.

आणि खरं सांगतो, तिथल्या वाळूत आम्ही दोघे तिशीतले गडी बैलासारखे फेस काढत होतो तेव्हा हा म्हातारा चपला हातात घेऊन, पाय न रुतवता, पुळणीवरच्या कुर्लीसारखा तिरका तिरका पुढे पळत होता. पण ते नंतर. आधी ते गाव.

इथवर मी जे सांगितलं त्यात माझ्या सवयीप्रमाणे थोडं मीठ जास्त पडलंय. माझ्या गोष्टीतला वाघ नेहमी दोन हात लांब असतो, हे मालवणात पोराटोरांना ठाऊक आहे. इथून पुढे मात्र मी काही वाढवलेलं नाही. वाढवायची हिंमत नाही.

त्या राखीव रानाच्या कडेला पंधरावीस घरांचं गाव होतं. जीप तिथे ठेवून पुढे पायी जायचं. काकांची पंचाईत अशी झाली की हद्दीचा दगडच कुठे दिसेना. चहूकडे वाळू. राखणदार उभा राहणार तरी कुठे? शेवटी त्यांनी तोड काढली. आमच्याकडे गावाचा नारळ गावच्या मानकऱ्याच्या हाती देतात, मग तो फोडतो. "हंयच्या मानकऱ्याक देतंय. तो काय ता बघतलो."

खेजडीच्या झाडाखाली गावातली म्हातारी माणसं बसली होती. मधल्याच्या डोक्यावर एवढं पागोटं की त्यात वसंताचं अख्खं बिऱ्हाड मावलं असतं. काका त्याच्यासमोर गेले, नारळाला कुंकू लावलं, वाकले आणि दोन्ही हातांनी नारळ त्याच्या ओंजळीत ठेवला.

एक बाई घागर तशीच ठेवून घरात पळाली. म्हाताऱ्याने नारळाकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं, आणि मला हिंदीत विचारलं, "यांना मुलगी आहे?"

त्याच्या शेजारच्याने मला समजावलं. त्यांच्याकडे मुलीचा बाप मुलाच्या दारी नारळ घेऊन येतो. नारळ हातात घेतला की सोयरीक जुळली. या म्हाताऱ्याचा मुलगा तिथेच उभा होता. पस्तिशीचा, सडसडीत, गावातल्या पोरांना झाडाखाली शिकवणारा. बायको बाळंतपणात गेलेली, मूलही राहिलं नव्हतं.

अशा वेळी शहाण्या माणसाने हात जोडून 'गैरसमज झाला' म्हणून सांगितलं असतं. मला मात्र मालवणचं बंदर दिसलं, संध्याकाळचा अड्डा दिसला, आणि ही गोष्ट सांगताना पोट धरून लोळणारी माणसं दिसली. मी म्हटलं, "जी हाँ. एक बेटी है."

"काय म्हणता तो?" काकांनी विचारलं.

"मुलांबाळांची चौकशी करतायत."

म्हाताऱ्याने कूळ विचारलं. मी म्हटलं, मूळ चितोडचे. यांचे पूर्वज समुद्र बघायला म्हणून दक्षिणेत गेले ते परत यायचे विसरले. वसंताला ठसका लागला, तो जीपकडे पळाला. म्हातारा मात्र गंभीरपणे मान हलवत म्हणाला, "असं होतं खरं." मग विचारलं, "मुलगी कशी आहे?"

"तुमच्या चेडवाबद्दल विचारतायत, काका."

इथे एक सांगायला हवं. काकांची शकू अठ्ठावीस वर्षांची होती. लहानपणी देवी येऊन गेल्या त्याचे वण सगळ्या तोंडभर. दहा वर्षांत बघायला आलेली माणसं पोहे खाऊन गेली ती गेलीच. हे सगळ्या आळीला ठाऊक होतं, आणि काकांसमोर कुणी तो विषय काढत नसे. मीही कधी काढला नव्हता. आता परक्या मुलखात, परक्या माणसाने आपुलकीने मुलीची चौकशी केली म्हणताच काका खुलले.

"माझा शकू ना? दुकान ताच बगता. माका काय येता? नारळ कानाशी हलवून आत पाणी किती ता सांगता. आवशीमागे घर सांभाळल्यान." मग जरा थांबून म्हणाले, "तोंडावर देवीचे वण आसत. लोक तितक्याच बगतत."

माझ्या आयुष्यातलं सगळ्यांत खरं भाषांतर मी तेव्हा केलं, आणि तेही चांगुलपणाने नव्हे. म्हटलं, आता हा म्हातारा नारळ परत देईल, गंमत आपोआप संपेल.

म्हाताऱ्याने मुलाकडे पाहिलं. त्या झाडाखालच्या मास्तरने खालच्या आवाजात काहीतरी सांगितलं. म्हातारा म्हणाला, "मातेचे डाग आमच्याकडे अर्ध्या गावाला आहेत. मुलगा हो म्हणतो."

त्यांनी काकांच्या डोक्याला केशरी पागोटं बांधलं, तोंडात गूळ घातला. काका माझ्याकडे वळून म्हणाले, "बगलंस? पावण्याक कसो मान देतत! आमच्या गावात कोण देता असो?"

पुढचे तीन दिवस मास्तर वाटाड्या म्हणून आमच्याबरोबर रान हिंडला. काळवीट त्याच्यापासून दहा हातांवर चरत. रोज सकाळी तो काकांच्या पाया पडायचा, त्यांची पिशवी स्वतःच्या खांद्यावर घ्यायचा, पाण्याची कातडी पखाल आधी त्यांच्यापुढे धरायचा. काका त्याला 'पाणी व्हया?' आणि 'जेवलंस?' शिकवत. तोही शाळेतल्या पोरासारखा घोकून म्हणायचा. "कितको गुणी झील रे!" काका आम्हांला सांगत, आणि वसंता व मी टेकडीआड जाऊन तोंडात टॉवेल कोंबून हसत होतो. हसताना डोळ्यांतून पाणी येत होतं. हे मी लपवत नाही.

तिसऱ्या दिवशी गावात परतलो तर मास्तरची म्हातारी आई बाहेर आली आणि तिने काकांच्या हातात लाल ओढणी ठेवली. काठाला बारीक आरसे लावलेले. तिने आपल्या चेहऱ्यावरून हात फिरवला, मग दूर दक्षिणेकडे बोट दाखवलं.

काका मला जीपमागे घेऊन गेले. "मास्तरा, ह्या काय म्हणान दिल्यान?"

मग मी सांगितलं. हसत हसत सांगायला सुरुवात केली, पाठीत एक धपाटा बसेल आणि 'फटकी इली तुका' ही शिवी ऐकायला मिळेल या हिशेबाने. मध्येच माझ्या लक्षात आलं की एकटाच हसतोय. वसंता जमिनीकडे बघत होता.

काका जीपच्या चाकाला टेकून वाळूत बसले. ओढणीची काठाला काठ जुळवून घडी घातली. मग विचारलं, "वण आसत म्हणान सांगलंस तेका?"

"सांगितलं."

"आणि तेनी होय म्हटल्यान?"

"हो."

"शिकलो कितको?"

"मॅट्रिक असेल."

"दारू पिता?"

"नाही वाटत."

"आवस तापट आसा? सुनेक सांभाळीत?"

ते माझ्याकडे बघतही नव्हते. मुलीच्या बापाने विचारायचे ते सगळे प्रश्न एकामागून एक, क्रमाने, अगदी सावकाश विचारत होते. हे प्रश्न त्यांच्याकडे दहा वर्षं तयार होते आणि मालवणात गोष्ट तिथपर्यंत कधी पोचलीच नव्हती.

शेवटी ते उठले, पागोटं काढून हातात घेतलं. "चल. तुझ्या तोंडान सांगलंस, तुझ्याच तोंडान परत सांग."

खेजडीखाली सगळी बसली होती. मास्तरही होता. काका एकेक वाक्य मालवणीत बोलत आणि थांबत, आणि मी ते हिंदीत म्हणत असे. "ह्यो पोरगो तुमच्याशी खोटा बोल्लो. आमी चितोडचे नाय. आमी मासे खातंव. नारळ मी तुमच्या देवाक दिल्लंय, तुमच्या झिलाक नाय. माझ्या चेडवाक ह्यातला काय एक ठावक नाय." एका वाक्याशी मी अडखळलो, जरा मऊ शब्द शोधू लागलो. काकांना हिंदी येत नव्हती, तरी त्यांना ते कळलं. "सरळ सांग," म्हणाले.

मग हात जोडून म्हणाले, "तुमच्या झिलान होय म्हटल्यान. माझ्या दारार येवन असा कोण म्हणाक नाय."

हे वाक्य मी हिंदीत म्हणायला गेलो. दहा वर्षं वर्गात व्याकरण शिकवलेला माणूस मी, मला क्रियापद सापडेना.

पागोटं म्हाताऱ्याने परत घेतलं, नारळही आणवून काकांच्या हाती दिला. माझ्याकडे त्याने एकदाही पाहिलं नाही. म्हातारीने ओढणी मात्र परत घेतली नाही. मुलीच्या नावाने काढलेलं वस्त्र घरात परत ठेवत नाहीत म्हणाली. मास्तर आमच्याबरोबर जीपपर्यंत चालत आला, पखालीतलं उरलेलं पाणी त्याने रेडिएटरमध्ये ओतलं, काकांच्या पाया पडला आणि गेला.

येताना जीप एकाही हद्दीवर थांबली नाही. फोंडाघाटाच्या माथ्यावर वसंताने आपणहून गाडी बाजूला घेतली, तर काका नुसतेच म्हणाले, "चल."

ही गोष्ट मी बंदरावर कधी सांगितली नाही. अड्ड्यावर विचारत, "काय मास्तर, वाळवंटात काय बगलंस?" मी म्हणे, "वाळू." माझ्या तोंडून एवढं लहान उत्तर ऐकून लोकांना मला ताप आलाय असं वाटे.

महिनाभर मी काकांचं दुकान टाळत होतो. एका सकाळी मात्र धीर करून त्यांच्या घरामागच्या परड्यात गेलो. काका बाजाराला गेले होते. शकू माडाखाली पडलेले नारळ गोळा करत होती. ओढणी कुठे वाळत घातलेली दिसते का म्हणून मी नकळत इकडेतिकडे पाहिलं. दिसली नाही. मी तिला सगळं सांगितलं, काहीही न वगळता, अगदी टॉवेलसुद्धा. म्हटलं, "शकू, माझ्या हातून वाईट झालं. तू मला काय वाट्टेल ते बोल."

तिने हातातला नारळ कानाशी हलवून बघितला आणि ढिगात टाकला.

"बाबांनी सांगल्यानी," ती म्हणाली. "मास्तर, बाजूक सरा. माडार माणूस चढलो हा."