कुंकवाखालचा काटा

एका जंगलात करवंदीच्या जाळीपलीकडं दोन रानडुकरं बोलत होती. जाळीच्या अलीकडं घरची नवी सून उभी आहे, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

"सूनबाई गुणाची आहे," सासरे दंताजीराव म्हणाले. "बोलत नाही, हलत नाही. गाडीच्या चाचणीला आपल्या खुरेशच्या शेजारी वजन म्हणून बसवायला वाळूच्या पोत्यापेक्षा बरी."

"पोतं निदान फाटतं तरी," थोरला मुलगा घ्राणोजी म्हणाला.

सून कंदानं हे सगळं ऐकलं. अंगावरची हळद अजून उतरली नव्हती.

आता बाळांनो, रानडुकरांना गाडी कशाला, असं विचारू नका. तुमच्या शेजाऱ्यांना कशाला असते? या घराण्याला घाटातल्या शर्यतीचं वेड होतं. शर्यत उद्यावर आली होती. गाडी चालवणार होता धाकटा खुरेश, म्हणजे कंदाचा नवरा. घाट असा, की एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला दरी.

गाडीला टर्बो होता. टर्बो म्हणजे इंजिनात हवा कोंबणारा पंखा. हवा वाढली की पेट्रोलही वाढावं लागतं. पंपाकडून ते कमी पडलं तर इंजिन आतून वितळतं, आणि तेही नेमकं चढावर. म्हणून हवेच्या मीटरशेजारी पेट्रोलचा दाब दाखवणारं एक मीटर गाडीत बसवलं होतं. हवा वाढली की त्याचाही काटा वर जायला हवा.

पण दसऱ्याच्या पूजेत दंताजीरावांनी त्याच मीटरच्या काचेवर कुंकवाचा भला थोरला टिळा लावला होता. पूजेचा टिळा पुसायचा नाही, ही घरची रीत. कुणाचं काही अडतही नव्हतं. हे घराणं ट्यूनिंग, म्हणजे हवा-पेट्रोलची जुळवणी, नाकानं करायचं. गाडी थांबली की घ्राणोजी सायलेन्सरपाशी जाई, धूर हुंगे आणि निकाल देई.

चाचणीच्या पहिल्या फेरीला कंदा खुरेशच्या शेजारी बसली. बसल्या बसल्या करायचं काय? ती टिळ्याच्या कडेनं आत डोकावत राहिली. हवेचा काटा वर चढला. पेट्रोलचा खाली घसरला.

गाडी थांबली. घ्राणोजीनं धूर हुंगला. "धुराला पेट्रोलचा वास म्हणून नाही. काय स्वच्छ जळतंय."

"मग वाढव आणखी हवा," दंताजीराव म्हणाले.

दुसऱ्या फेरीला काटा आणखी घसरला. कंदा नवऱ्याच्या कानाशी म्हणाली, "अहो, तो काटा उलटा चाललाय."

खुरेश भाबडा. त्यानं उतरल्या उतरल्या सगळ्यांना सांगितलं, "आबा, ही म्हणतेय काटा उलटा चाललाय."

"काजळ गेलं असेल डोळ्यात," दंताजीराव म्हणाले, आणि सगळे पोट धरून हसले. खुरेशही हसला.

कंदानं काच पुसायला पदर पुढं केला.

"अं हं, सूनबाई," दंताजीरावांनी अडवलं. " सवाष्णीनं कुंकू पुसू नये. अपशकुन होतो."

तिनं पदर मागं घेतला. पुसलं तर अपशकुन, आणि नाही पुसलं तर उद्या नवरा दरीत. कुंकू कसं राखायचं याबद्दल त्या घरात एकच मत होतं, आणि ते तिचं नव्हतं.

"चला, शेवटची फेरी," दंताजीरावांनी फर्मावलं. "हवेचा स्क्रू पुरता पिळ रे. बसा, सूनबाई."

कंदा बसली नाही. तिनं खिडकीतून हात घालून किल्ली काढली आणि सासऱ्यांपुढं धरली.

"मामंजी, ही फेरी तुम्ही मारा," ती म्हणाली. "भाऊजींना शेजारी घ्या. कुंकू तुम्ही पुसा, तुम्हाला चालतं. पुरती हवा आली की काटा कुठं जातो ते मला येऊन सांगा. वर गेला तर उद्या हे शर्यतीला येतील. खाली गेला तर हे घरी बसून कंद सोलतील, आणि भाऊजी सालं हुंगतील."

तात्पर्य: काटा झाकलेलाच बरा. उघडा पडला की पंप बदलावा लागतो आणि सूनबाईंना विचारावं लागतं. त्यातलं पंपाचं काम सोपं असतं.