झीज वगळता

मला फसवणारा विक्रेता अजून जन्माला यायचाय, असं मी घरात छाती फुगवून सांगत असे. बावीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासतोय. सुटलेला अनुस्वार मला पाच फुटांवरून दिसतो. त्यामुळे सासऱ्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि त्यांना रोज सकाळी फिजिओथेरपीला न्यायला जुनी गाडी घ्यायचं ठरलं, तेव्हा मी म्हणालो, "गाडी मी बघतो. तुम्ही फक्त आत बसा."

"एखादा मेकॅनिक बरोबर नेऊ या का?" बायकोने विचारलं.

"मेकॅनिक कशाला? कागद मी वाचणार आहे."

जुन्या गाड्या विकणारा तो गृहस्थ बोलायला मधासारखा गोड. दर वाक्यात एकदा तरी 'जबाबदारी' म्हणायचा, म्हणून घरी आम्ही त्याचं नाव जबाबदारीशेठ ठेवलं. "सहा महिने गाडी तुमची, जबाबदारी माझी," म्हणत त्याने करारपत्र पुढे सरकवलं. मी लाल पेन काढलं. दोन पानांत सात चुका. सहाव्या कलमात 'झिज वगळता सर्व बिघाड विक्रेता दुरुस्त करून देईल' असं होतं. मी ऱ्हस्व 'झि' दीर्घ केली आणि सही ठोकली.

"असं गिऱ्हाईक आयुष्यात पाहिलं नाही," शेठ हात जोडून म्हणाला. मला ती स्तुती वाटली.

तिसऱ्या आठवड्यात मागचं डावं दार आतून उघडेना. मग खिडक्यांच्या काचा अर्ध्यावर येऊन थांबायला लागल्या, लग्नात रुसलेल्या मामासारख्या. ना वर, ना खाली. पुढे क्लच घसरू लागला आणि चढावर गाडीतून जळका वास यायला लागला. मी तडक शेठचं दुकान गाठलं.

"दार उघडत नाही," मी म्हणालो.

"झीज."

"काचा?"

"झीज."

"आणि क्लच?"

"साहेब, कलम सहा वाचा. झीज वगळता. तो शब्द तर तुम्हीच शुद्ध करून दिलाय."

माझी अवस्था मीठ लावलेल्या काकडीसारखी झाली. बायकोला हे सांगायची सोय नव्हती. तिच्या वडिलांना रोज मागच्या उजव्या दाराने, तो न वाकणारा पाय आधी बाहेर काढून, शिडी उतरवावी तसं उतरवावं लागत होतं. एकदा तर ते अर्धे आत, अर्धे बाहेर असे पाच मिनिटं अडकले होते. तेव्हा मी इरेला पेटलो आणि ग्राहक तक्रार कार्यालयात अर्ज दिला. तिथल्या अधिकारी बाईंनी अर्ज वाचला आणि दहा दिवसांनंतरची तारीख दिली. "दोघांनीही पुरावा आणा," त्या म्हणाल्या. "गाडी आधीच बिघडलेली होती, की वापरणाऱ्याने झिजवली, ते मला कळलं पाहिजे."

दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वाआठला जबाबदारीशेठ आमच्या जिन्याखाली वही घेऊन उभा.

"पुरावा गोळा करायला आलोय," तो म्हणाला. "तुम्ही गाडी कशी चालवता ते बघणार. वहिनी, तुम्ही मागे बसाल का? मला साहेबांचे हातपाय दिसायला हवेत."

मी नाही म्हणायला हवं होतं. पण माझ्यासारखी गाडी गावात कोणी चालवत नाही, अशी माझी पक्की समजूत होती. म्हटलं, बघू दे की.

तो रोज येऊ लागला. पुढे बसून वहीत काहीबाही टिपायचा आणि मागून सासरे त्याला ऑपरेशनची हकिकत सांगायचे. ती हकिकत घरात कोणी पहिल्या टाक्यापलीकडे ऐकून घेत नसे. शेठने ती तीन दिवसांत टाके निघेपर्यंत ऐकली. चौथ्या दिवशी दवाखान्याच्या पायऱ्या चढवायला सासऱ्यांनी माझ्याऐवजी त्याचा खांदा धरला. पाचव्या दिवशी बायकोने त्याला औषधांची चिठ्ठी आणायला पिटाळलं. सहाव्या दिवशी त्याला ताप आला, तर सासरे घरातून निघेनात. "शेठ नाहीत, तर व्यायामात मी पाय किती वेळा उचलला ते मोजणार कोण?" म्हणाले. ज्याच्याविरुद्ध मी तक्रार केली होती, तो आता माझ्या घरातला माझ्याहून लाडका जावई झाला होता.

सुनावणीच्या दिवशी आम्ही चौघंही एकाच गाडीतून निघालो. "जायचं एकाच ठिकाणी, मग दोन गाड्या कशाला?" असं शेठचं म्हणणं. मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. आता वाटतं.

कार्यालयाच्या आवारात गाडी उभी करून मी किल्ली फिरवली. आत कुठेतरी 'खट्' असा आवाज झाला आणि चारही दारांची कुलुपं एकदम बसली. माझं दार उघडेना. शेठचं उघडेना. बायकोने उजव्या दाराचं हँडल ओढलं, ते निघून तिच्या हातात आलं. शिपायाने बाहेरून चारही दारं ओढून पाहिली. गाडी हलली, दार एकही हललं नाही.

"तुमचाच नंबर पुकारलाय," शिपाई म्हणाला. "हजर नसलात तर अर्ज निकालात निघेल."

"हजर आहोत," बायको अर्ध्या काचेतून म्हणाली. "फक्त उतरता येत नाही."

दोन मिनिटांनी अधिकारी बाई फाईल घेऊन खाली आल्या. शिपायाने मागून खुर्ची आणली आणि माझ्या खिडकीशी सुनावणी सुरू झाली.

"तक्रारदार कोण?"

मी हात वर केला. तो छताला आपटला.

"आणि गाडी विकणारे?"

शेठने शेजारून हात वर केला.

"दोघं एकाच गाडीतून आलात?" बाईंनी चष्म्यावरून पाहिलं आणि तेही लिहून घेतलं. "बरं, तक्रार काय?"

"दारं उघडत नाहीत."

"दिसतंय. तुमचं काय म्हणणं?"

"मॅडम, ही वापरातली साधी झीज आहे," शेठ अदबीने म्हणाला. "यात विशेष असं काही नाही."

"मग उतरा बघू."

शेठने दाराकडे पाहिलं, काचेकडे पाहिलं आणि शेवटी स्वतःच्या पोटाकडे पाहिलं.

"उतरता येतं तोवर झीज," बाई लिहिता लिहिता म्हणाल्या. "उतरता येत नाही, तो बिघाड. दारं, कुलुपं, काचा विक्रेत्याने दुरुस्त करून द्यायच्या."

मी विजयी मुद्रेने मागे वळून पाहिलं. तेवढ्यात शेठने वही उघडली.

"क्लचचं राहिलं, मॅडम. पहिला दिवस. घर ते दवाखाना. डावा पाय क्लचवरून एकदाही उचलला नाही. दुसरा दिवस. तसंच. तिसरा दिवस, सिग्नलला एकदा उचलला, पण तो पाय खाजवायला."

"साफ खोटं," मी म्हणालो. "माझे सासरे साक्षीला आहेत."

सासरे घसा खाकरून म्हणाले, "जावईबापू, या वयात खोटं कसं बोलू? माझा गुडघा वाकत नाही आणि तुमचा सरळ होत नाही."

"तुमचा पाय आत्ता कुठे आहे?" बाईंनी विचारलं.

सगळ्यांनी खाली वाकून पाहिलं. गाडी बंद होती, किल्ली माझ्या हातात होती आणि डाव्या पायाने मी क्लच तळापर्यंत दाबून धरला होता.

क्लच माझ्या माथी आला. निकालाचा कागद अर्ध्या काचेतून आत आला, सह्या होऊन बाहेर गेला. मग शेठचा मेकॅनिक आला आणि एका तारेने त्याने तीन मिनिटांत आमची सुटका केली.

शेठ शब्दाला जागला. दोन दिवसांत दारं, कुलुपं, काचा सगळं ठाकठीक करून दिलं. क्लच मी बदलून घेतला. नवा क्लच बसला त्याच संध्याकाळी बायकोने परस्पर एक गोष्ट ठरवून टाकली आणि तिच्यापुढे माझं काही चाललं नाही.

गेल्या सोमवारपासून जबाबदारीशेठ मला गाडी शिकवतो. काल त्याने पहिल्यांदाच मला तिसऱ्या गिअरपर्यंत जाऊ दिलं. छापखान्यात यातलं कोणाला ठाऊक नाही. तुम्हीही बोलू नका.