नवाबाचे केस

फॉर्म मीच भरतो, असं मी जनावरांच्या डॉक्टरांना म्हणालो आणि तिथंच फसलो. वसमतला बावीस वर्षं कारकुनी केलेल्या माणसाला शिंगराचा फॉर्म काय जड? (लोकांचे अर्ज परत पाठवण्यात माझा हात कोणी धरू शकत नाही.)

शिंगरू आमच्या शेवंती घोडीचं. त्याचा बाप नवाब, माझे सासरे रामसिंगमामा यांचा घोडा, दोन वर्षांपूर्वी गेला. मागं गोठवलेल्या वीर्याची एकच कांडी उरली होती. तीच डॉक्टरांनी शेवंतीला भरली. घोड्यांच्या जातीच्या नोंदवहीत नवाबाच्या नावाखाली त्याचं लेकरू लागलेलं बघायचं, एवढीच मामांची इच्छा.

अर्ज आठ दिवसांत परत आला. डीएनए तपासणीसाठी पाठवलेले शिंगराचे केस मिळाले. पण कांडीतून झालेलं असल्यानं आईबापाचेही केस मुळासकट पाठवा, असा नियम. (तो फॉर्मच्या मागच्या बाजूला होता. मागची बाजू वाचायला मी इतरांना सांगतो.)

"नवाबाला मातीत घालून दोन सालं झाली, जावईबापू," मामा म्हणाले. "आता केस कुठून आणू?" त्यांनी चहाही घेतला नाही.

माझी बायको जिवनबाई उठली आणि शिंगराच्या गळ्यातली काळी पुरचुंडी सोडून घेऊन आली.

"पुरायच्या आधी मी त्याच्या शेपटीचे उपटून ठेवले व्हते. लेकराला नजर लागू नये म्हणून बांधले."

या पुरचुंडीला मी महिनाभर हसलो होतो. आता तिचे पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले.

"शेवंतीचे तरी तुमी काढा," ती म्हणाली.

पहिल्याच केसाला शेवंतीनं लाथ उगारली. मग मी गोठ्यातल्या फणीत अडकलेले केस, मुळं बघून, गुपचूप पाकिटात घातले.

उत्तर आलं, ते मी मामांसमोर मोठ्यानं वाचलं. घोड्याचा नमुना जुळला होता. मामांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी लेकीच्या डोक्यावर हात ठेवला. मलाही भरून आलं. एवढी शहाणी बायको मला कशी मिळाली, हे खरंच कळत नाही.

"काहून थांबले? पुढं वाचा की," ती म्हणाली.

पुढचं मी मनात वाचत होतो. तिनं कागद ओढून घेतला: "दुसऱ्या पाकिटातील केस घोडीचे नाहीत. ते माणसाचे असून त्यांना काळा रंग लावलेला आहे."

(माझा कंगवा सापडला नाही की मी तीच फणी वापरतो.) माझे केस जन्मापासून असेच काळे आहेत, हे मी तिला गेली एकोणीस वर्षं सांगत आलो होतो.

जिवनबाईनं शेवंतीचे चार केस अलगद उपटले. घोडी हललीही नाही. पाकीट चिकटवताना ती एवढंच म्हणाली, "आणखी काही रंगवलेलं असंल तर आत्ताच सांगा. दर बारी लॅबवाल्यायला कशाला तकलीफ?"